वाचकांचे प्रश्न : गॅस की इंडक्शन, एसीतला वायू आणि गच्चीवरची सावली

घरातून होणारं कर्बउत्सर्जन कमी कसं करावं, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या घराचं वर्षाचं कर्बउत्सर्जन किती, हे घरच्या घरी काढता येईल का? नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये परदेशातली घरं गृहीत धरलेली दिसतात. (शिक्षक, सांगली)

येईल. त्यासाठी तीनच आकडे लागतात. आपल्या ग्रिडच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचा सिलिंडर संपला की ४२ किलोच्या आसपास, आणि पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो. विजेच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो पूर्ण वर्षाचा घ्या. एका महिन्यावरून बारा महिन्यांचा अंदाज बांधू नका. मे आणि डिसेंबर यांत फार फरक पडतो.

समजा, महिन्याला सरासरी २०० युनिट, वर्षाला ९ सिलिंडर आणि स्कूटरला महिन्याला १५ लिटर पेट्रोल लागतं. वीज १,६८० किलो, गॅस ३८० किलो, पेट्रोल ४१५ किलो. एकूण अडीच टनांच्या जवळ, आणि त्यात दोन तृतीयांश वाटा विजेचा. अन्न, कपडे, विमानप्रवास यात धरलेले नाहीत. त्यांचा हिशोब इतका सरळ नसतो. पण सुरुवात कुठून करायची ते एवढ्यावरून कळतं, आणि बहुतेक घरांत ती जागा स्वयंपाकाच्या ओट्यावर नसते.

प्रश्न : पर्यावरणासाठी गॅस सोडून इंडक्शन शेगडी घ्यावी का? (गृहिणी, नाशिक)

वीज ग्रिडची असेल, तर निदान आज तरी या कारणासाठी घेऊ नका. हे उत्तर अनेकांना पटत नाही, म्हणून हिशोबच मांडतो. एक किलो एलपीजी जळून सुमारे १२.८ युनिटांइतकी उष्णता देतो आणि ३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. चांगल्या शेगडीवर त्यातली ६५ टक्के उष्णता भांड्यात जाते. म्हणजे भांड्यात पोचलेल्या एका युनिट उष्णतेमागे ०.३६ किलो उत्सर्जन. इंडक्शन ८५ ते ९० टक्के उष्णता भांड्यात पोचवते, पण तिची वीज मुख्यतः कोळशाची. तीच एक युनिट उष्णता तिच्यावर ०.८ किलोला पडते, आणि तारांमधली गळती धरली तर आणखी थोडी वर जाते. पाइपचा गॅस असेल तर हे अंतर जरा वाढतंच.

गच्चीवर सौर पॅनेल असतील तर गणित उलटतं, विशेषतः दुपारच्या स्वयंपाकाचं. घरात धूर नको, सिलिंडर चढवण्याचा त्रास नको, ही कारणंही रास्त आहेत. फक्त त्यांना कर्बबचतीचं नाव देऊ नका.

गॅसवरच बचत करायची असेल तर डाळ, राजमा, छोले भिजवून घ्या. तूरडाळ अर्धा तास भिजली तरी पुरते. कुकरला जोर धरला की आच बारीक करा. शिट्टीतून सतत फुसफुसणारी वाफ म्हणजे वाया चाललेला गॅस. भांड्याच्या बुडाबाहेर येणारी ज्योत ओट्यालाच तापवते, म्हणून लहान भांडं लहान बर्नरवर ठेवा. ज्योत पिवळी पडून भांडी काळी होऊ लागली, तर बर्नरची भोकं तारेने साफ करा. जेटला मात्र हात लावू नका. त्याचं छिद्र जरा जरी मोठं झालं तरी गॅस जास्त जातो आणि ज्योत आणखी बिघडते.

प्रश्न : मग गीझरही गॅसचाच बरा का? (पुणे आणि नगरहून दोन पत्रं)

फक्त कर्ब पाहिला तर हो. वीस लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला ०.३५ युनिट उष्णता लागते. विजेवर त्याचं उत्सर्जन पाव किलोच्या वर जातं, गॅसवर १०० ग्रॅमच्या आसपास राहतं. पण गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका. प्राणवायू कमी पडला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि अंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. गीझर बाहेर, उघड्या हवेत हवा. बारीक झडप असलेली खिडकी पुरेशी नाही.

दोन्हींपेक्षा सोलर बंब चांगला. त्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी की नळातून आधी बादलीभर गार पाणी येतं. दोष बंबाचा नसतो, पाइपाचा असतो. एक इंची पाइपात दर मीटरला अर्धा लिटर पाणी साचतं. गच्चीपासून नळापर्यंत १५ मीटर अंतर असेल तर साडेसात लिटर गार पाणी आधी निघणारच. अर्धा इंची पाइपात तेवढ्याच अंतरावर दोन-तीन लिटरच साचतं. शेवटची शाखा बारीक ठेवा आणि पूर्ण पाइपावर उष्णतारोधक नळी चढवा. बोअरच्या जड पाण्यात तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी चोंदतात, तिथे उष्णता-विनिमयक असलेला, म्हणजे वापराचं पाणी त्या नळ्यांतून न फिरवणारा बंब मागा. टाकीवरच्या हवा जाण्याच्या पाइपाचं तोंड कधीही बुजवू नका. ते मुख्य टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंचच हवं.

प्रश्न : आमच्या दीड टनाच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, वापरामुळे तो संपतो. (नागपूर)

एसीतला वायू संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि भोक न बुजवता वर नवा भरला तर पुढच्या वर्षी तोही जाणार.

बहुतेक घरांना माहीत नसलेला मोठा उत्सर्जनस्रोत हाच. आर-४१०ए हा वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवतो. जुना आर-२२ सुमारे १,८१० पट, नव्या यंत्रांतला आर-३२ सुमारे ६७५ पट. दीड टनाच्या यंत्रात एक किलोच्या आसपास वायू असतो, नेमकं वजन बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. एक किलो आर-४१०ए हवेत गेला की दोन टनांहून थोडं जास्त उत्सर्जन झालं. तीन हजार युनिट वीज जाळल्याइतकं. वर्षभर दिवे विझवत फिरून एवढी भरपाई होत नाही.

मेकॅनिकला हा क्रम धरायला सांगा. आधी बाहेरच्या युनिटच्या दोन्ही जोडनटांना साबणाचं पाणी लावायचं. बऱ्याच गळत्या इथेच सापडतात. नळीचं तोंड वाकडं फुलवलेलं असतं किंवा नट जास्त आवळून चिरलेला असतो. तिथे काही नसेल तर आतली कॉइल पाहायची. स्वयंपाकघराजवळच्या आणि समुद्राकाठच्या घरांत तिच्यात सूक्ष्म छिद्रं पडतात. दुरुस्तीनंतर नायट्रोजन भरून दाब काही तास टिकतो का ते पाहायचं. प्राणवायू कधीही भरायचा नाही, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. मग निर्वात पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. हे पाच मिनिटांचं काम नव्हे, अर्धा तास लागतो. शेवटी वायू वजनकाट्यावर मोजून भरायचा. नळी गार लागली की पुरे, या अंदाजाने नाही. किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी हाच आकडा कामी येतो.

घर बदलताना एसी काढला जातो, तेव्हा आणखी मोठं नुकसान होतं. बरेच जण नट ढिला करून वायू सरळ हवेत सोडतात. खरं तर तो बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करता येतो. कूलिंग चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व बंद करायचा, मापकावर दाब शून्याच्या जरा वर आला की जाड नळीचा व्हॉल्व बंद, आणि लगेच यंत्र बंद. यंत्र गळकं असेल तर मात्र हे करू नये. बाहेरची हवा आत ओढली जाऊन कॉम्प्रेसर फुटण्याचा धोका असतो. एसी काढायचा दर ठरवतानाच हे काम त्यात धरलंय का ते विचारा.

तापमानाबद्दल एवढंच : २४ अंशांवर ठेवा आणि पंखा सोबत लावा. दर अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते.

प्रश्न : तीन किलोवॉटचं सोलर बसवायचं आहे. अनुदान किती, जागा किती, आणि कुठे फसगत होते? (छत्रपती संभाजीनगर)

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. तीन किलोवॉटच्या वर कितीही गेलात तरी रक्कम तीच. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या मीटरसाठी दर किलोवॉटला १८ हजार मिळतात. पॅनेल भारतीय बनावटीचे, सेलसुद्धा भारतातच बनलेले हवेत. स्वस्त दर सांगणारा कंत्राटदार नेमका इथेच हात मारतो. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, बिलावरच्या ग्राहक क्रमांकानेच करायचा. बिलावरचं नाव वडिलांचं आणि बँकखातं तुमचं असेल तर अनुदान अडकतं. आधी बिल नावावर करून घ्या. मंजूर भार तीन किलोवॉटपेक्षा कमी असेल तर तो वाढवण्याबद्दल वीज कंपनीकडे विचारा.

जागा मोकळी, बिनसावलीची, सुमारे ३०० चौरस फूट लागते. सावली म्हटलं की लोक झाडं पाहतात, पण टाकी, जिन्याचं टोपर आणि शेजारची डिश विसरतात. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर पडलेली सावली सगळ्या माळेला भोवते. पाहणी डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी चारला करा. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. मे महिन्यात मोकळी दिसणारी गच्ची हिवाळ्यात अर्धी झाकलेली निघते. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर लावता येतो. खर्च वाढतो, पण नुकसान त्या एका पॅनेलपुरतंच राहतं.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंशांच्या उतारावर हवेत. सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेला (हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड) घ्या, नुसता रंगवलेला नको. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवा. गच्चीची गळती सुरू झाली की दोष कुणाचा, यावर वर्षभर वाद चालतो. अर्थिंगचे खड्डे तीन आणि वेगवेगळे : पॅनेलच्या बाजूचा, घरच्या विजेच्या बाजूचा आणि वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या दांड्याचा.

लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. ही बिघाडाची खूण नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. भारनियमनावर उतारा म्हणून घेत असाल तर बॅटरीसह वेगळी यंत्रणा लागेल.

उत्पादन वर्षाच्या सरासरीने रोज बारा युनिटांच्या आसपास धरा. जुलैत ते निम्म्यावर येतं, आणि एप्रिल-मेमध्येही अपेक्षेइतकं वाढत नाही, कारण सेल २५ अंशांपुढे तापला की दर अंशाला ०.३५ टक्क्यांच्या जवळपास क्षमता घटते. पॅनेल सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर धुवा. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतलं की काच तडकते, आणि बोअरचं पाणी तसंच सुकू दिलं की पांढरे डाग बसतात. वर्षाला साधारण ४,३०० युनिट, म्हणजे तीन टन उत्सर्जन वाचतं. पहिल्या उत्तरातल्या घराच्या सगळ्या हिशोबापेक्षाही जास्त.

प्रश्न : बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आणला, पण तो घुरघुरतो आणि रिमोटला दाद देत नाही. (कल्याण)

भिंतीवरचा जुना रेग्युलेटर अजून मधे आहे. तो पूर्ण वेगावर ठेवून भागत नाही, इलेक्ट्रिशियनकडून वायर थेट जोडून घ्या. नाहीतर पंख्यातलं सर्किट लवकर जळेल. स्वस्त इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावरच आवाज येत असेल तर दोष इन्व्हर्टरच्या विजेचा आहे, पंख्याचा नाही.

खर्च मात्र योग्य जागी केला आहे. साधा पंखा ७५ वॉट, हा ३० वॉट. रोज बारा तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. तीन पंखे बदलले तर महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराचा पाचवा हिस्सा कमी झाला, आणि ही बचत बिलाच्या सगळ्यात महाग टप्प्यातून होते.

प्रश्न : मोबाइलचा चार्जर प्लगमध्येच राहिला तर किती वीज जाते? (विद्यार्थिनी, लातूर)

वर्षाला एक-दोन युनिट. यावरून घरात भांडण नको. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स मात्र टीव्ही बंद असतानाही १० ते १५ वॉट खातो, वर्षाला शंभर युनिटांच्या आसपास. तो भिंतीवरच्या बटणानेच बंद करा.

प्रश्न : वीज कोळशाची असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन काय साधणार? (सोलापूर)

इंडक्शनसारखाच हिशोब इथे केला तर उत्तर वेगळं येतं. पेट्रोलची स्कूटर १०० किलोमीटरला दोन लिटरच्या जरा वर पेट्रोल घेते, म्हणजे ४.८ किलोच्या जवळ. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून साडेतीन युनिट, म्हणजे अडीच किलो. शेगडी इंधनातली बरीच उष्णता भांड्यात घालते, पण इंजिन पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा सायलेन्सरवाटे आणि गरम होण्यात घालवतं. म्हणून कोळशाच्या विजेवरही इथे निम्मी बचत होते. चालू स्थितीतली, महिन्याला शंभरेक किलोमीटरच धावणारी जुनी गाडी मात्र मोडीत काढायची घाई नको.

प्रश्न : बाल्कनीतल्या कंपोस्ट बादलीला वास येतो, आणि आता अळ्याही झाल्या आहेत. (ठाणे)

वास कोणता ते आधी ओळखा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, पाणी जास्त आहे. अशा बादलीत मिथेन तयार होतो, आणि तो टाळण्यासाठीच तर हा खटाटोप. नाकात झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे ओला कचरा जास्त आणि सुका कमी. दोन्हींवर उपाय एकच : घमेल्यात उपसून सुकी पानं, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा मिसळा आणि पुन्हा भरा. आकारमानाने एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं, हे प्रमाण नेहमी चालतं. मूठभर घेऊन दाबा. बोटं ओली व्हावीत, पण पाणी गळू नये. मुंग्या आल्या तर उलट कोरडं पडलं आहे, ताक-पाणी शिंपडा.

जाड, करड्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत, आणि खरकटं कुणाहीपेक्षा झपाट्याने फस्त करतात. पाहवत नसतील तर ओल्या कचऱ्यावर दर वेळी दोन बोटं जाडीचा सुका थर द्या. घरगुती बादली मोठ्या ढिगासारखी तापत नाही, म्हणून मटण-मासळी आणि तेलकट रस्सा तिच्यात टाकू नका. लिंबाच्या साली चालतात, पण बारीक चिरून.

प्रश्न : एक हजार लिटरच्या बायोगॅसमध्ये गॅस तयार होतो, पण पेटत नाही. पाण्याला आंबट वास येतो. (चिपळूण)

पोट बिघडलं आहे. खाणं जास्त झालं की आम्ल तयार करणारे जिवाणू पुढे धावतात, मिथेनवाले मागे राहतात, आणि टाकीत नुसता कार्बन डायऑक्साइड भरतो. आठवडाभर काहीही घालू नका. पीएच कागदाने आम्लता पाहा. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली असेल तर चुन्याची निवळी थोडी-थोडी घाला, आणि बादलीभर ताजं शेण समान पाण्यात कालवून ओता. मग रोज अर्धा किलोपासून सुरुवात करून हळूहळू दोन किलोवर या. आंब्याच्या हंगामात साली आणि कोयी एकदम ओतणं, हे कोकणात हमखास घडतं.

दोन किलो अन्नकचऱ्यातून पाव घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे शंभर ग्रॅमपेक्षा थोडा जास्त एलपीजी. चौघांच्या घराची रोजची पाव गरज त्यावर भागते, सगळी नाही. न पेटणारा गॅस मोकळ्या हवेत सोडावा लागतो. पेटणारा कधीही सोडू नका, वापर नसला तरी शेगडीवर जाळून टाका. ज्योतीची परीक्षा पाइपाच्या तोंडाशी नव्हे, नेहमी शेगडीवरच घ्या.

प्रश्न : ग्रामपंचायतीकडे निधी थोडा आहे. सौर दिवे घ्यावेत की झाडं लावावीत? (ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

आधी नळयोजनेचा पंप पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर २८ युनिटांच्या आसपास जातात. वर्षाला दहा हजार युनिट, म्हणजे सात टन. पाइपलाइनीत पाचवा हिस्सा पाणी गळत असेल तर दीड टनाच्या जवळ उत्सर्जन आणि बिलाचा पाचवा हिस्सा मातीत मुरतो. गळती शोधायला महाग यंत्र लागत नाही. रात्री टाकी भरून गावाकडचे सगळे शाखा-व्हॉल्व बंद करा, मुख्य व्हॉल्व उघडा ठेवा, टाकीत पट्टी लावून पातळी लिहा आणि चार तासांनी पुन्हा पाहा. मग एकेक शाखा उघडून तेच करा. शिवाय फूट व्हॉल्व (पंपाच्या ओढनळीच्या तळाची झडप) गळका असेल तर पंप सुरू होऊनही पाणी यायला वेळ लागतो. ती वेळ घड्याळाने मोजा.

पथदिवे दिवसा जळत असतील तर नवे सौर दिवे घेण्याआधी टायमर लावा, त्याला खर्च फार थोडा आहे. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, ती तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे जाऊन मीटर आणि देखभालीच्या नोंदी पाहता येतील. २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू असलेल्या राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात ‘अग्नी’ या तत्त्वाखाली ऊर्जेच्या कामांना गुण मिळतात, म्हणून पंपाची वीज आणि टाकीची पातळी आजपासूनच वहीत उतरवा. सौर पंप घ्यायचा झालाच तर तो गळती बुजवल्यानंतर घ्या. आधी घेतला तर गळणाऱ्या पाण्यासाठीही पॅनेल विकत घ्यावे लागतील.